दहावी खेप

पोहण्याच्या शर्यतींची वेळ मोजणारी यंत्रं बसवणं हा माझा धंदा. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी एकही शर्यत पाहिलेली नाही असं सांगितलं की लोक हसतात, पण ते खरं आहे. पोरं पाण्यात उडी घेतात तेव्हा माझं डोकं टेबलाखालच्या तारांत असतं, आणि जिंकणारा हात वर करतो तेव्हा आकडा नीट उमटला की नाही ते मी बघत असतो. कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं.

यंत्र तसं साधं. प्रत्येक लेनच्या दोन्ही टोकांना भिंतीवर एक रुंद, पातळ पट्टी लटकवायची, अर्धी पाण्यात, अर्धी वर. पोहणाऱ्याचा हात लागला की तार टेबलापर्यंत निरोप आणते आणि कागदाच्या फितीवर वेळ उमटते. निघताना भिंतीला पाय मारला तरी तिला कळतं. लाटेने ती हलत नाही; दोन किलोचा तरी दाब लागतो. बाकी तिला काहीच कळत नाही, म्हणून ती खोटं बोलत नाही. खोटं बोलते ती ओल. जोडणीत ओल शिरली की रिकाम्या लेनमधूनही कुणी पोहून गेल्याची नोंद होते. आमच्या धंद्यात भूत म्हणतात ते यालाच, आणि त्यावरचा उतारा म्हणजे केस वाळवायचं यंत्र. माझ्या पेटीत ते कायम असतं. मला टक्कल आहे, त्यामुळे त्यावरून सगळीकडे एकच विनोद होतो.

हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही ‘ओल असेल’ म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो.

त्या गावातला तलाव जुना, पन्नास मीटर लांब, आठ लेनचा. वर पत्र्याचं छत आणि त्यात मधूनमधून काचा, त्यामुळे दुपारचं ऊन पाण्यावर चौकोन चौकोन होऊन पडायचं. तलावाच्या व्यवस्थापक एक बाई होत्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, कमी बोलणाऱ्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागलो. तलावाला त्यांच्या भावाचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि त्या निमित्ताने स्पर्धा होत्या.

या भावाला गाव ‘वल्ह्या’ म्हणून ओळखायचं. बाप तलावाच्या पंपघरात कामाला; दोन्ही मुलं पंपघरामागच्या एका खोलीत वाढली. पोरगा आठ वर्षांचा असताना खोलीच्या मधोमध उभा राहून हात पसरायचा तेव्हा दोन्ही भिंतींना बोटं टेकायला थोडंच अंतर उरायचं. बाप म्हणाला, ‘अरे, हे हात आहेत की वल्ही?’ तेच नाव पडलं. तळाशी पडलेले चष्मे नि किल्ल्या काढून देता देता तो पोहायला शिकला. तिथल्या मास्तरांनी त्याला हेरलं, आणि विसाव्या वर्षी तो शंभर मीटरमध्ये देशात पहिला आला. त्याचा विक्रम पुढे बारा वर्षं कुणी मोडला नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा खेळाडूंना सवलत होती. तसं पत्रही त्याला आलं होतं. त्याने ते घडी करून मास्तरांच्या हातात दिलं आणि सैन्यात नाव नोंदवून आला.

‘मी त्याला नाही नाही ते बोललो,’ मास्तरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. ते आता सत्तरी ओलांडलेले, पण पाठ ताठ आणि गळ्यात अजून शिट्टी. ‘म्हटलं, गाढवा, तुझ्यासारखे हात पन्नास वर्षांत एकदा होतात. तर मला म्हणतो, मास्तर, पोहता न येणारी किती पोरं चाललीत ते बघितलंत का? नद्या आहेत तिकडे. बस्, एवढंच बोलला.’

युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात एक पूल उडाला आणि त्याच्या तुकडीतले जखमी पलीकडच्या काठावर अडकले. तिथे तेलाच्या टाक्या पेटल्या होत्या. वल्ह्या अलीकडे होता. तो नदीत उतरला आणि एकेकाला ओढत अलीकडे आणू लागला. घरी आलेल्या सरकारी पत्रात लिहिलं होतं: नऊ जणांचे प्राण वाचवले, त्यानंतर बेपत्ता.

या एका शब्दाने घर पोखरलं. मारला गेला असता तर गावाने डोक्यावर घेतलं असतं. बेपत्ता म्हटल्यावर जिभांना हाडच राहिलं नाही. पट्टीचा पोहणारा बुडतो होय? गेला असेल प्रवाहाबरोबर खाली, निघाला असेल कुठेतरी, थाटला असेल संसार. तलावाला नाव द्यायचा ठराव याच शब्दावर सहा वर्षं अडला होता. शेवटी नगरसभेने मान्यता दिली, पण सचिवांनी अट घातली की समारंभात जो मानपत्राचा मजकूर वाचला जाईल त्यात सरकारी शब्द जसाच्या तसा यावा. नियम म्हणजे नियम.

‘येऊ दे,’ ताई म्हणाल्या. ‘नाव तर लागेल.’ पण त्या हे बोलल्या तेव्हा टेबलावरचा कपडा त्यांनी तीनदा सारखा केला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी मी सोळा पट्ट्या लावून झालो होतो. दुसऱ्या दिवशी चार नंबरची लेन रिकामी ठेवायची होती, ती वल्ह्याची. तरी पट्ट्या तिथेही लावा, असं ताईंनी सांगितलं होतं. ‘त्याची जागा उघडी दिसायला नको.’ तलाव बंद होता. पाण्यात कुणी नव्हतं, पाणी तव्यासारखं सपाट. मी यंत्र चालू केलं आणि डबा उघडून जेवायला बसलो.

दोन घास झाले असतील, फीत सरकली. चौथी लेन, अलीकडची पट्टी.

मी हात पुसून उठेपर्यंत पुन्हा सरकली. चौथी लेन, पलीकडची पट्टी. मध्ये एकतीस सेकंद.

ओल, मी मनाशी म्हटलं. केस वाळवायचं यंत्र काढलं आणि पलीकडच्या टोकाला जाऊन जोडणी वाळवली. परत आलो तर फितीवर आणखी दोन नोंदी. पलीकडून निघाल्याची आणि अलीकडे पोचल्याची. या वेळी मधलं अंतर एक मिनिट बावन्न सेकंद.

मग मी नेहमीचे सगळे उपाय केले. चौथ्या आणि पाचव्या लेनच्या तारा अदलाबदल केल्या. तारेत दोष असता तर नोंदी चारच्याच नावाने येत राहिल्या असत्या. पण तारा बदलल्यावर त्या पाचच्या नावाने येऊ लागल्या, म्हणजे तारा निर्दोष होत्या आणि दाब खरोखर चौथ्याच लेनच्या पट्टीवर पडत होता. तारा परत जागच्या जागी लावल्या आणि मग पट्टीच बदलली. जुनी वर ओढून काढताना माझी बोटं बधिर झाली. मी पेटीतला तापमापक काढून पाण्यात सोडला. तिसरी लेन सव्वीस अंश. पाचवी लेन सव्वीस. चौथी सात.

मी काठावर ओणवा होऊन बघत राहिलो. पाण्यात काही नव्हतं. तळाची काळी रेघ सरळ दिसत होती. फक्त क्लोरीनच्या वासातून दुसरा एक वास येत होता, जळक्या तेलाचा. पंपघरात जाऊन आलो. पंप विजेवर चालणारे. तिथे तेलाचं बुधलंसुद्धा नव्हतं.

तोवर फीत टेबलावरून खाली लोंबू लागली होती.

मास्तर चार वाजता आले. मी त्यांना फीत दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आकडे डोळ्यांजवळ धरून वाचले. जाताना एकतीस. पलीकडे थांबा. येताना एक बावन्न. अलीकडे थोडा थांबा. पुन्हा जाताना एकतीस. येताना दोन मिनिटं चार. जायला कायम एकतीसच्या आसपास. येताना कधी पावणेदोन, कधी सव्वादोन.

‘तुमचं यंत्र बिघडलंय,’ ते म्हणाले.

‘नाही बिघडलं.’

त्यांनी आकडे पहिल्यापासून पुन्हा वाचले. मग खुर्ची ओढून बसले. ‘एकतीस म्हणजे दम राखून जाणं,’ ते हळू म्हणाले. ‘घाई नाही, भीती नाही. ज्याला परत यायचंय त्याची चाल आहे ही. मीच शिकवायचो. आणि येताना पावणेदोन-दोन मिनिटं...’ त्यांनी डावा हात छातीवरून आडवा धरला, जणू काखेत कुणाची मान आहे, आणि उजव्या हाताने हवेत एक लांब वल्हं मारलं. ‘असं. माणूस ओढत. यंत्रवाले, ही शर्यत नाही. या खेपा आहेत.’

मी हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

पाचच्या सुमारास एक माणूस काठी टेकत आत आला. डावा पाय गुडघ्यातून वळत नव्हता. अंगात नीटनेटका कोट. उद्याचा प्रमुख पाहुणा तो हाच, हे मला ठाऊक होतं. पण त्याने ओळख दिली ती वेगळीच. ‘मी नववा,’ तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून, ‘म्हणजे नवव्या खेपेला आणलेला. आमच्यात तसंच म्हणतात. आता चष्म्याच्या दुकानात काचा घासतो.’

मास्तरांनी त्याच्यापुढे फीत धरली. त्याने ती वाचली नाही, मोजली. ओठ हलत होते. काठी त्याने काखेत धरली आणि बोट एकेका नोंदीवरून पुढे नेलं.

‘सातवा चिठ्ठ्या पोचवणारा, हलका होता,’ तो म्हणाला. ‘बघा, एक एकोणचाळीस. आणि हा मी.’ शेवटची जोडी. दोन मिनिटं अकरा. ‘माझा पाय मोडलेला. मी त्याच्या गळ्यातच पडलो होतो, त्याला धड हात मारता येईना. म्हणाला, अरे, लग्न लावतोयस का माझ्याशी? सैल सोड.’

तो हसला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

फीत नवव्या जोडीनंतर थांबली होती. आम्ही तिघं वाट बघत बसलो. छतातल्या काचांमधून येणारं ऊन पाण्यावरून भिंतीवर चढलं आणि गेलं. फीत हलली नाही.

‘पुढचं?’ मास्तरांनी विचारलं.

‘पुढचा आमचा आचारी. शंभर किलोचा ऐवज. सगळे म्हणाले, पुरे कर, तुझ्यात जीव उरलेला नाही. तर म्हणतो, त्याच्या हातचं दोन वर्षं खाल्लंय. आणि गेला. मी काठावर पालथा पडून हात पुढे करून ठेवला होता. तो आला की आचाऱ्याला मी वर घ्यायचं, असं ठरलं होतं. धूर एवढा की हाताची बोटं दिसेनात.’ त्याने घसा साफ केला. ‘मला तिथून उचलून नेईपर्यंत मी हात मागे घेतला नव्हता. पण तो आला असं मी म्हणू शकत नाही. विचारायला आलेल्यांना मी खरं तेच सांगितलं, दिसलं नाही. त्याचंच त्यांनी बेपत्ता केलं.’

ताई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्या आल्या, फीत टेबलावरून गोळा केली आणि तिची घट्ट गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

‘उद्या वेळेच्या फलकावर चार नंबर दिसता कामा नये,’ त्या म्हणाल्या.

‘ताई, मी मुद्दाम काही...’

‘तुम्हाला दोष नाही देत मी. माझी आई दाराकडे डोळे लावून गेली. पाऊल वाजलं की उठून बसायची. पुरे झालं आता. मेलेला असेल तर मेलेला असू दे, पण मला पुन्हा दाराकडे बघायला लावू नका.’ एवढं बोलून त्या दिवे मालवायला गेल्या.

मी चौथ्या लेनचे दोन्ही प्लग काढले, पुसले आणि माझ्या समोर टेबलावर, पांढऱ्या कपड्यावर ठेवले. तारच नाही तर निरोप कुठून येणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकांवर बसायला जागा नव्हती. शाळांची मुलं, म्हातारी माणसं, वल्ह्याबरोबर पोहलेले आणि आता पोट सुटलेले त्याचे सोबती. सकाळच्या शर्यती बिनबोभाट झाल्या. फीत शहाण्यासारखी वागत होती. मला बरं वाटत होतं, आणि थोडं वाईटही, हे कबूल करतो.

शेवटची शर्यत शंभर मीटरची, वल्ह्याची, मुलामुलींची एकत्र. सात पोहणारे उडी घ्यायच्या चौथऱ्यांवर उभे राहिले. चौथा चौथरा रिकामा. शर्यतीआधी एक मिनिट स्तब्धता आणि मग सचिवांनी मानपत्र वाचायचं, असा क्रम होता. ताईंनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं आणि सगळे उठले. दीड हजार माणसं उभी राहताना बाकांचा जो आवाज होतो तो झाला आणि थांबला. पाणी हळूहळू निवळलं.

माझ्या टेबलावर फीत सरकली.

मी आधी प्लगांकडे बघितलं. दोन्ही कपड्यावर होते, कोरडे. मग फितीकडे. चौथी लेन, अलीकडची पट्टी. निघाला.

मी मनात मोजू लागलो. एकतिसाव्या सेकंदाला पलीकडची पट्टी उमटली.

वर भिंतीवरचा फलक उजळला. सात ओळी कोऱ्या. चौथ्या ओळीत शून्य. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. शून्य तसंच राहिलं. पलीकडे थांबा पडला होता.

मिनिट संपलं. कुणीही बसलं नाही. सचिव कागद हातात धरून ताईंकडे बघत होते. ताई फलकाकडे बघत होत्या.

मग शून्य जाऊन एक आला. दोन. तीन.

लेनच्या कडेला दोरीत ओवलेल्या चकत्या असतात, लाल आणि पांढऱ्या. पाणी हललं की त्या स्वतःभोवती फिरतात. चौथ्या लेनच्या पार पलीकडच्या टोकाला दोन चकत्या फिरल्या. थांबल्या. मग त्यांच्या पुढच्या दोन.

बाकी पाणी सपाट होतं.

एक मिनिट झालं. चकत्या चौथाई लेनही ओलांडून आल्या नव्हत्या. दीड हजार माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. चौथऱ्यांवरचे सात जण हात जोडल्यासारखे उभे होते. पाचव्या लेनचा पोहणारा पाण्यापासून एक पाऊल मागे सरला. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

दोन मिनिटं. चकत्या अर्ध्यात आल्या आणि थांबल्या.

‘ऊठ,’ मास्तर पुटपुटले. ते माझ्या शेजारी उभे होते. ‘दम घे. डोकं वर ठेव. ऊठ.’

फलकावर आकडे पळत होते, चकत्या थांबलेल्या. दहा सेकंद. वीस. जळक्या तेलाचा वास आता सगळ्यांनाच येत असावा. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर रुमाल धरला. पण कुणी जागचं हललं नाही.

पंचवीस.

‘वल्ह्या!’ मास्तर ओरडले. उभ्या आयुष्यात त्यांनी शर्यतीत कुणाला हाक मारली नसेल. ‘लांब मार! हात लांब मार!’

दोन चकत्या फिरल्या.

मग पुढच्या दोन. मग पुढच्या.

तीन मिनिटं. साडेतीन. काठी पडल्याचा आवाज झाला. नववा चौथ्या लेनच्या काठाशी गेला होता. न वळणारा पाय बाजूला टाकून तो फरशीवर पालथा झाला आणि त्याने उजवा हात पाण्यात घातला. मास्तर धावले. त्यांनी मागून त्याचा पट्टा धरला आणि पाय रोवले.

चार मिनिटं.

शेवटच्या चकत्या फिरल्या.

फीत सरकली. चार मिनिटं, अकरा सेकंद. आणि लगेच, त्याच पट्टीवर, आणखी एक स्पर्श. पहिल्यापेक्षा मंद.

‘दे,’ नववा म्हणाला. ‘दे हात.’

त्याचा खांदा खाली खेचला गेला. कोटाची शिवण उसवल्याचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत आला. मास्तरांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. मग दोघंही एकदम मागे कोसळले, आणि काठावरच्या कोरड्या फरशीवर पाणी आलं. लाटेसारखं नाही. एखाद्या धिप्पाड, ओल्या माणसाला वर घ्यावं आणि त्याच्या कपड्यांतून निथळावं, तसं. ते पसरत पसरत सचिवांच्या बुटांपर्यंत गेलं.

सचिव मागे सरले नाहीत.

ताईंनी ध्वनिक्षेपक तोंडाजवळ नेला. त्यांचा आवाज दर शर्यतीनंतर निकाल सांगताना असायचा तसाच होता. ‘चौथी लेन,’ त्या म्हणाल्या. ‘दहावी खेप. चार मिनिटं, अकरा सेकंद.’

टाळी कुणी सुरू केली माहीत नाही. मी सव्वीस वर्षं टाळ्या ऐकत आलो आहे. मान वर करून ऐकल्या त्या तेवढ्याच. त्या थांबल्यावर सचिवांनी मानपत्र वाचलं. दुसऱ्या ओळीत ते अडखळले. खिशातून पेन काढलं, कागदावर एक रेघ मारली आणि पुढे वाचलं, ‘दहा जणांचे प्राण वाचवताना धारातीर्थी पडलेले...’ ताई ताठ उभ्या होत्या. डोळे कोरडे, मान वर. माझ्या बापाने मला पहिल्यांदा सायकल चालवताना बघितलं तेव्हा त्याची मान अशी होती.

शर्यतही झाली. सातांनी सात लेनमधून पोहून दाखवलं आणि जिंकलेल्या मुलीने पदक रिकाम्या चौथऱ्यावर नेऊन ठेवलं.

दुपारी एकपर्यंत तलाव रिकामा झाला. आम्ही चौघंच उरलो. मी विजेचा मुख्य खटका खाली ओढला, फलक विझला. तारा गुंडाळायला घेतल्या. मास्तर पहिल्यांदाच बाकावर पाठ टेकून बसले होते आणि नववा आपली उसवलेली बाही बघत होता.

‘कोट गेला,’ तो म्हणाला. ‘आचारी म्हणजे आचारी.’

ताई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मास्तरही हसले, खांदे हलवत, डोळे पुसत. ‘संपलं,’ ते म्हणाले. ‘पार पडलं सगळं. किती होता रे तुम्ही तुकडीत?’

‘अकरा. त्याला धरून.’

‘म्हणजे सगळे आले.’

‘सगळे आले,’ नववा म्हणाला. ‘आमचं कुणी तिकडे राहिलं नाही.’

पलीकडच्या टोकाला, चौथ्या लेनमध्ये, दोन चकत्या फिरल्या.

आम्ही चौघांनी ते एकदम पाहिलं. चकत्या थांबल्या. मग पुढच्या दोन. सावकाश, थांबत थांबत. ओझं घेऊन येणाऱ्याची चाल.

‘मग हा कुणाला आणतोय?’ मास्तर म्हणाले.

नववा उठला. काठी न घेताच लंगडत काठाशी गेला, पाय बाजूला टाकला आणि पालथा झाला. पण या वेळी त्याने हात पुढे केला नाही. मूठ वळून छातीखाली धरली. चकत्या अर्ध्यात आल्या, पाऊण आल्या, तरी मूठ तशीच होती. त्याचा जबडा हलत होता. शेवटच्या चकत्या फिरल्या तेव्हा त्याने मूठ उघडली, हात पाण्यात घातला आणि एक लहानसा शब्द उच्चारला. मला तो कळला नाही.

खांदा खाली गेला. या वेळी थोडाच. फरशीवर पाणी आलं तेही थोडं, किडकिडीत माणसाचं असावं तेवढं.

‘काय म्हणालास?’ मास्तरांनी विचारलं.

‘हात दे म्हणालो.’ तो अजून पालथाच होता, गाल फरशीला टेकलेला. ‘त्यांच्या भाषेत.’

‘त्यांच्या? तुला येते?’

‘एवढंच येतं. आमच्याशी लढणारेही त्याच काठावर अडकले होते. टाक्या पेटल्यावर आमचे लोक जसे हात दे, हात दे ओरडत होते, तसे तेही. दिवसभर ऐकून पाठ झालं.’

चकत्या पुन्हा पलीकडे फिरत निघाल्या. झपाझप, दम राखून.

‘किती होते ते?’ ताईंनी विचारलं.

नववा उठून बसला, कोट काढून बाजूला ठेवला आणि सदऱ्याच्या बाह्या वर दुमडू लागला.